पोथीची गाठ



गेल्या चातुर्मासात आपल्या देवळात श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' लावला होता, हे नित्य येणाऱ्यांस ठाऊक आहेच. आप्पांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यामुळे पोथी वाचण्याचे काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. शास्त्राध्ययन म्हणावे असे माझ्यापाशी काही नाही. परंतु लहानपणापासून आप्पांच्या मांडीला मांडी लावून ऐकल्यामुळे ओवीची चाल अंगवळणी पडली आहे, त्या बळावर मी पोथीपुढे बसलो.

श्रावणातील एका संध्याकाळी माझा घसा पार बसला. आपल्या भागातील पाऊस कसा असतो हे मी सांगावयास नको. पंधरावीस मंडळी जमलेली, समई लावलेली, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. समोर नेहमी येणाऱ्या एक आज्जी बसल्या होत्या व त्यांच्या शेजारी त्यांचा तेरा वर्षांचा नातू होता. मुलगा शाळेत हुशार म्हणून नावाजलेला. मी पोथी त्याच्यापुढे सरकवली आणि 'वाच' म्हणून खूण केली.

तो मुलगा घरी मराठीच बोलतो. भांडतो मराठीत, हट्ट करतो मराठीत. परंतु पोथीच्या पानावर बोट ठेवून तो एकेक अक्षर जुळवू लागला, पहिल्याच जोडाक्षरापाशी अडखळला, दुसऱ्या चरणाच्या मध्यावर थांबला, आणि मग मान खाली घालून गप्प झाला. मंडपात पावसाच्या आवाजाखेरीज काही ऐकू येईना. आज्जी हळूच म्हणाल्या, "वाच की रे बाळा. पुढं काय झालं ते कळू दे की." त्यांना स्वतःला अक्षरओळख नाही. मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. मी पोथी मिटली, आरती केली, आणि त्या दिवशीचे श्रवण तेथेच राहिले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आज्जींना वाचता येत नाही, परंतु पुढे काय झाले हे जाणून घेण्याची ओढ त्यांना सत्तरीतही आहे. नातवाला वाचता येते, निदान शाळेच्या गुणपत्रिकेत तसे लिहिलेले असते, परंतु ती ओढ त्याला कोणी लावलीच नाही. अक्षरज्ञान शाळेत मिळते. ओढ कोठे मिळावी? ह्या प्रश्नाविषयी मला आज आपणांपुढे चार शब्द ठेवावयाचे आहेत. मी वयाने लहान आहे. अधिकउणे झाल्यास पदरात घ्यावे.

प्रथम आमच्याच घरची चूक सांगतो. मी सात वर्षांचा असताना एकदा देवघरातील पोथीचे लाल वस्त्र सोडून आत काय आहे ते पाहू लागलो. पारोसा होतो, हात खेळून मळलेले होते. घरातील एका वडीलधाऱ्या माणसाने माझ्या हातावर फटका मारला आणि पोथी पुन्हा बांधून वर ठेवली. त्यांचा हेतू वाईट नव्हता. ग्रंथाचे पावित्र्य राखावे, एवढेच त्यांच्या मनात होते. परंतु पुढे कितीतरी दिवस 'पोथी म्हणजे फटका' असेच समीकरण माझ्या मनात बसले. मी वाचावयास शिकलो तो पोथीवर नव्हे, पुडीच्या कागदावर. देवळात येणारे तांदूळ, खोबरे, खडीसाखर वर्तमानपत्राच्या कागदात बांधून येत. ते कागद सरळ करून मी वाचीत असे. गोष्टीचा शेवट बहुधा फाटलेला असावयाचा, मग मी तो मनाने रचावयाचा. आजही एखाद्या गोष्टीचा शेवट मला आवडला नाही, तर पान फाटले आहे असे समजून मी दुसरा रचतो!

आता दुसरी गोष्ट. कार्तिकी एकादशीनंतर आम्ही आजोबांच्या वेळची तीन बासने काढली. एका बासनातील पोथी पिढ्यान्पिढ्या केवळ पूजेत होती. दसऱ्याला तिला हळदकुंकू, फूल वाहावयाचे, नमस्कार करावयाचा आणि पुन्हा गाठ मारावयाची, असा क्रम चाललेला. गाठ सोडली तो पानांची चाळण झालेली. कसर लागली होती. बोट लावले की कागदाचा भुगा हातात येई. दुसरे बासन ओलीने चिकटून एक वीट झाले होते. तिसऱ्या बासनात दर चातुर्मासात वाचली जाणारी पोथी होती. तिचे कोपरे झिजलेले, पानांवर तेलाचे डाग, एकदोन ठिकाणी डिंकाने चिकटविलेले. परंतु अक्षर न् अक्षर शाबूत. रोज हात फिरत होता, पान उलटत होते, वारा लागत होता, म्हणून ती वाचली. जिची केवळ पूजा केली ती गेली आणि जी वापरून मळविली ती राहिली. आप्पा डोळ्यांना हिरवी पट्टी लावून शेजारी बसले होते. मी त्यांना पाने दाखविली नाहीत, हातात दिली. त्यांनी बोटांनीच ओळखले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

विजयादशमीला आपण पाटीपूजन करतो. एकाच्या आकड्यांची सरस्वती मुलांकडून काढवून घेतो आणि पुस्तकांची पूजा मांडतो. ही चाल फार सुंदर आहे, ती मोडावी असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु त्या दिवशी पूजेत ठेवलेले पुस्तक दुसऱ्या दिवशी उघडले जाते का, हे प्रत्येकाने आपापल्या घरी पाहावे.

'वाचन' हा शब्दच पाहा. तो 'वच्' म्हणजे बोलणे ह्या धातूपासून आला आहे आणि त्याचे रूप प्रयोजकाचे आहे. म्हणजे वाचन ह्याचा मूळ अर्थ बोलविणे, वदवून घेणे. आपल्या घरच्या मंगलकार्यात पुण्याहवाचन होते, तेथे यजमान ब्राह्मणांकडून 'हा दिवस पुण्यकारक असो' असे वदवून घेतो. तेच हे 'वाचन'. शेजारच्या कानडीत बाराव्या शतकातील बसवेश्वरादी शरणांच्या उक्तींना 'वचन' म्हणतात, त्याचेही मूळ हेच. तेव्हा वाचणे म्हणजे मुक्या अक्षराला बोलते करणे. जे मूल कधी कोणी बोलते केलेले अक्षर ऐकतच नाही, त्याला पानावरील काळ्या रेघांत कोणी बोलणारे दडले आहे, हे कळावे कसे?

म्हणूनच, मला वाटते, नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाला दिला आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशास सांगितली गेली ती श्रोत्यांपुढे. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्ञानदेव पदोपदी श्रोत्यांशी बोलतात, त्यांना विनवितात, लडिवाळपणे त्यांच्याकडे अवधान मागतात. आधी कान, मग डोळा. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रतींतील अपपाठ दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली. हे कार्य नाथांना करता आले, कारण त्यांनी तो ग्रंथ केवळ पुजला नाही, ओवी ओवी पारखून वाचला. नुसता नमस्कार करणाऱ्यास अशुद्ध पाठ सापडत नाही.

अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर साने गुरुजींचे. 'श्यामची आई'चा बहुतेक भाग त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिला. त्या पुस्तकाची प्रकरणे म्हणजे रात्री आहेत, एकूण बेचाळीस. सायंकाळची प्रार्थना आटोपली की आश्रमातील मित्र श्यामभोवती बसतात आणि श्याम आईची एकेक आठवण सांगतो. म्हणजे मुलांनी वाचावयाच्या पुस्तकाची रचनाच श्रवणाची आहे. रोज एक रात्र वाचली तर दीड महिन्यात पुस्तक पुरे होते. आणि हेच साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाचे द्वार अस्पृश्य गणलेल्या बांधवांस उघडावे म्हणून उपोषणास बसले होते, हे पोथीला हात लावणाऱ्या मुलाच्या हातावर फटका मारण्यापूर्वी आपण आठवावे.

आता निपाणीकडे वळतो. तंबाखूचा व्यापार आणि विड्यांचा धंदा ह्यांनी ह्या भागातील किती घरे चालविली, हे आपण जाणता. तंबाखूची भलावण करावयाचा माझा मुळीच हेतू नाही. देवाच्या दारात ती करूही नये. मला सांगावयाचे आहे ते विडी वळणाऱ्या मातेविषयी. मांडीवर सूप घेऊन ती बसते. पान कापणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा गुंडाळणे ह्यांत तिचे दोन्ही हात व डोळे गुंतलेले असतात, परंतु कान मोकळे असतात. अशा मातेशेजारी शाळेतून आलेली मुलगी बसली आणि तिने आपल्या पुस्तकातील धडा मोठ्याने वाचला, तर आईला श्रवण घडते आणि मुलीला वाचन. 'मला कोठे वाचता येते, मी मुलीला काय शिकविणार?' असे म्हणणाऱ्या भगिनींना माझे सांगणे आहे की, आपल्याला वाचता येण्याची गरज नाही. आपल्याला ऐकावयाचे आहे, एवढे मुलीला कळले म्हणजे झाले.

ही कल्पना माझी नव्हे. आपल्यापासून हजारो कोस दूर क्यूबा नावाचे बेट आहे. तेथेही तंबाखूचाच धंदा मोठा. तेथील हवाना शहरात चिरूट वळणाऱ्या कारखान्यांत इ. स. १८६५ पासून एक प्रथा सुरू झाली. कामगार ओळीने बसून चिरूट वळीत आणि एक वाचक उंच जागी बसून त्यांना वर्तमानपत्रे व कादंबऱ्या वाचून दाखवी. त्या वाचकाचे वेतन कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत, आणि काय वाचावयाचे तेही तेच ठरवीत. मालकांनी व सरकारने ही प्रथा मध्यंतरी बंद पाडली, तरी ती पुन्हा उभी राहिली. ड्यूमा ह्या फ्रेंच लेखकाची माँटे क्रिस्तोची कथा कामगारांना इतकी प्रिय झाली की पुढे एका चिरुटालाच ते नाव मिळाले. पोटाला चिमटा घेऊन, मोठ्याने वाचणाऱ्याला आपल्या मजुरीतील पैसा देणारी ही माणसे पाहिली म्हणजे, आपल्या देवळात फुकट चाललेल्या पोथीला श्रोते का मिळत नाहीत, ह्याचा विचार मनात येतो. दोष श्रोत्यांचाच असेल असे नाही. आम्ही वाचणारेही कधीकधी झोप आणणारे असतो!

आणि निपाणीचे नाव घेतले म्हणजे महादेव मोरे ह्यांचे स्मरण होणे अटळ आहे. २०२४ मध्ये ते निवर्तले. निपाणीत पिठाची गिरणी चालवीत त्यांनी आयुष्य काढले आणि गिरणीच्या त्या खडखडाटात कथा-कादंबऱ्या लिहिल्या. 'एकोणिसावी जात', 'पिठाक्षरं' ही त्यांच्या पुस्तकांची नावे आपण ऐकली असतील. दळण टाकावयास आलेल्या गिऱ्हाइकाला, समोर अंगावर पीठ घेऊन उभा असलेला हा मनुष्य मराठीतील मोठा लेखक आहे, हे ठाऊक असेलच असे नव्हते. 'वाचून काय पोट भरते?' असा प्रश्न मुलांना विचारणारे पालक आपल्यात आहेत. पोट गिरणीने भरले, हे खरेच आहे. परंतु ह्या गावच्या हमालाचे, ड्रायव्हरचे, मेस्तरीचे दुःख ज्या शब्दांत उतरले, ते शब्द गिरणीत दळून निघाले नव्हते. ते वाचलेल्यातून आणि पाहिलेल्यातून आले होते.

मुलाच्या हाती द्यावयाच्या पुस्तकाविषयी आणखी एक सांगावेसे वाटते. पुण्यामुंबईच्या मुलांच्या गोष्टी वाचून आपल्या मुलांना कधी परकेपणा वाटतो. बेळगावात राहिलेल्या थोर कवयित्री इंदिरा संत ह्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत हे पेशाने भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या 'वनवास' ह्या पुस्तकातील लंपन नावाचा मुलगा आपल्या ह्याच सीमाभागात आजीआजोबांपाशी वाढतो आणि आपल्यासारखीच कानडी वळणाची मराठी बोलतो. मी ते पुस्तक प्रथम वाचले तेव्हा पुस्तकात आपल्या गल्लीतील बोलणे छापलेले पाहून मला हसू आले व भरूनही आले. आपले बोलणे ग्रंथात जाण्यायोग्य आहे, हे मुलाला एकदा कळले म्हणजे ते पुस्तकाला भीत नाही.

मुले कानडी शाळेत जात असोत की इंग्रजी, त्या त्या भाषेतील पुस्तकेही त्यांनी आनंदाने वाचावीत. वाचनाची गोडी एका लिपीत लागली की ती दुसऱ्या लिपीत जावयास वेळ लागत नाही. परंतु घरी जी भाषा बोलतो ती वाचताच येऊ नये, ही आज अनेक घरांची अवस्था आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा आपल्या आसपासच्या गावांतून साहित्य संमेलने भरतात, ग्रंथदिंडी निघते, पालखीत ग्रंथ ठेवून लेझीम खेळत मुले पुढे चालतात. मीही चाललो आहे. परंतु पुढे लेझीम खेळणाऱ्या मुलांपैकी किती जणांनी पालखीतील ग्रंथ कधी उघडून पाहिला असेल, ही शंका मला त्या गर्दीतही येत होती.

पालकांचा नेहमीचा आक्षेप असा की, गोष्टींची पुस्तके वाचून अभ्यास बुडतो. त्यावर पंचतंत्राच्या आरंभीची कथा स्मरावी. अमरशक्ती राजाचे तीन पुत्र विद्येला पाठमोरे होते. विष्णुशर्म्याने त्यांना सहा महिन्यांत शहाणे करण्याची प्रतिज्ञा केली, आणि केले ते गोष्टी सांगूनच. मोबाईलविषयीही पुष्कळ तक्रार ऐकू येते. ती खरी आहे. परंतु स्वतःच्या हातातील मोबाईलवरून मान वर न करता 'पुस्तक घेऊन बस' असे मुलाला सांगणारे वडील मी आपल्या मंडपातच पाहिले आहेत. नावे घेत नाही.

येथे तैत्तिरीय उपनिषदातील एक प्रसंग सांगणे भाग आहे. विद्या पुरी करून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य उपदेश करतात. सत्य बोल, धर्माने वाग, आणि त्या जोडीनेच, स्वाध्यायात चुकारपणा करू नकोस, असे बजावतात. पुढे पुन्हा, स्वाध्याय आणि प्रवचन ह्या दोहोंत कसूर नको, म्हणून सांगतात. हा उपदेश कोणाला आहे ते पाहावे. गुरुगृही राहणाऱ्या बालकाला नव्हे. त्याचा अभ्यास तर चाललेलाच असतो. जो आता लग्न करील, संसार मांडील, मुलांचा बाप होईल, त्याला तो आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायातही स्वाध्यायाची गणना वाणीच्या तपात केली आहे. शास्त्राने वाचनाची आज्ञा केली ती आपणां मोठ्यांना. आपण मात्र ती मुलांच्या डोक्यावर ठेवून मोकळे होतो.

त्या तेरा वर्षांच्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. दुसऱ्या दिवशी तो देवळात आलाच नाही. चौथ्या दिवशी आज्जींनी त्याला ओढून आणले. मी त्याला वाचावयास सांगितले नाही. शेजारी बसविले आणि मी वाचीत असलेल्या ओळीखाली बोट फिरविण्याचे काम दिले. आठवडाभर तो नुसते बोट फिरवीत होता. मग एके दिवशी मी ओवीचा शेवटचा चरण मुद्दाम सोडला, तो त्याने म्हटला. पुढे अर्धी ओवी. कालियामर्दनाच्या अध्यायात तो इतका रंगला की मला थांबवून स्वतःच पुढे वाचू लागला. चुका पुष्कळ झाल्या. आज्जींनी एकही ऐकली नाही. समाप्तीपर्यंत छत्तीस अध्यायांपैकी दोन त्याने एकट्याने वाचले. अजूनही त्याचे मन क्रिकेटकडे धावते, आणि अनेक संध्याकाळी त्याची जागा रिकामी असते. असो.

मंडळाच्या अनुमतीने सभामंडपातील उत्तरेकडचे जुने कपाट आम्ही रिकामे केले आहे. त्यात 'श्यामची आई', 'गोट्या', 'फास्टर फेणे', बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आणि आम्हा भावंडांनी जपलेले 'चांदोबा' ठेवले आहेत. 'चांदोबा' आता निघत नाही, म्हणून तेवढे येथेच बसून वाचावेत. बाकीचे आठ दिवसांसाठी घरी न्यावेत. घरी पडून असलेली चांगली पुस्तके सभासदांनी आणून द्यावीत. कानडी व इंग्रजी पुस्तकांचेही स्वागत आहे. मोठी मुले असलेल्या कुटुंबांनी महिन्यातून एकदा बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात मुलांना घेऊन जावे. १८४८ साली स्थापन झालेली ती संस्था आपल्या इतकी जवळ असून आपल्यापैकी कित्येकांनी तिची पायरी चढलेली नाही. मीही विसाव्या वर्षी प्रथम चढलो. देवळात दर शनिवारी दिवेलागणीनंतर अर्धा तास मोठ्याने वाचन होईल. वाचणारी मुले असतील, ऐकणारे आपण. पारोशा हातांनी पुस्तक घेतल्यास कोणी रागावणार नाही, पानावर तेलाचा डाग पडल्यासही नाही.

कपाटाची किल्ली माझ्यापाशी आहे. नेलेल्या पुस्तकांची नोंद वहीत ठेवतो. 'वनवास'ची आमची एकुलती एक प्रत त्याच मुलाने नेली आहे, आणि तिची मुदत संपून आज अकरा दिवस झाले. मी अद्याप मागावयास गेलेलो नाही.